एक बाटली, अनेक औषधे

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली, की घराघरांतून खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. कोणाचा घसा खवखवतो, कोणाला रात्री ढास लागते, तर कोणाची छाती कफाने भरून येते. अशा वेळी घरातील कोणीतरी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जातो आणि ‘खोकल्याचे एखादे चांगले औषध द्या’ असे म्हणून लाल किंवा हिरव्या रंगाची एक बाटली घेऊन येतो. खोकला कोणाला आहे, त्याचे वय काय, खोकला कोरडा आहे की कफाचा, हे बहुधा दुकानदार विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. दोन-तीन दिवसांनी खोकला कमी होतो आणि उरलेली बाटली फळीवर जाते. पुढे घरात दुसऱ्या कोणाला खोकला झाला, की तीच बाटली पुन्हा खाली उतरते. चहा-साखरेच्या डब्यांशेजारी राहणाऱ्या या बाटलीचे कोणाला भय वाटत नाही. तिची चव गोड असते, त्यामुळे मुलेही ती आवडीने मागतात.

वास्तविक पाहता या बाटलीत एकच औषध असते असे क्वचितच घडते. तीन, चार, कधी कधी पाच निरनिराळी औषधे गोड पाकात एकत्र केलेली असतात. अशा मिश्रणाला संयुक्त औषध म्हणतात. दुकानातून एक वस्तू आणल्यासारखे वाटते, पण शरीरात मात्र एकाच वेळी चार-पाच वस्तू जातात. म्हणून खोकल्याचे संयुक्त औषध सुरक्षितपणे घ्यायचे असेल, तर त्यातील प्रत्येक घटक त्या रुग्णाला हवा आहे की नाही, हे आधी ठरले पाहिजे. जो घटक नको आहे, तो केवळ बाटलीत आहे म्हणून पोटात जाणे हा काही उपचार नव्हे.

हे समजण्यासाठी खोकला म्हणजे काय, ते थोडे पाहणे आवश्यक आहे. खोकला हा स्वतः रोग नाही. श्वासनलिकेच्या आतील बाजूस अतिशय बारीक, केसांसारखे तंतू असतात. धूळ, जंतू आणि चिकट स्राव ते सतत घशाकडे ढकलत असतात. हे काम त्यांना एकट्याने झेपेनासे झाले, की शरीर जोराने हवा बाहेर फेकते. तोच खोकला. घरातला केर काढणाऱ्या झाडूचे काम खोकला करतो. छातीत कफ साठलेला असताना खोकला दाबून टाकणे म्हणजे केर घरातच ठेवून झाडू लपवून ठेवणे होय. याउलट, सर्दी ओसरल्यानंतरही काही दिवस टिकणारा कोरडा खोकला बाहेर काहीच काढत नाही. तो फक्त झोपमोड करतो आणि बरगड्या दुखवतो. त्याला थोडे शांत करणे उपयोगाचे असते. एका प्रकारात खोकल्याला मदत करायची आणि दुसऱ्या प्रकारात त्याला आवरायचे, असे हे परस्परविरुद्ध उपाय आहेत. एकच बाटली दोन्ही कामे करील अशी अपेक्षा ठेवणे मुळातच चुकीचे आहे.

आता बाटलीत काय काय असते ते पाहू. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हा घटक मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर परिणाम करून खोकला दाबतो. तो कोरड्या खोकल्यासाठी आहे. ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल हे घटक कफ पातळ व्हावा आणि सहज सुटावा यासाठी असतात. यांपैकी ब्रोमहेक्सिनची कथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. अनेक घरांच्या परसात वाढणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या काढ्यात घातला जाणारा जो अडुळसा, त्यातील एका द्रव्याच्या आधारे हे औषध प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. टर्ब्युटालिन आणि साल्ब्युटामॉल हे घटक आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतात. छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल, तरच त्यांना काही काम असते. क्लोरफेनिरामिन हे अॅलर्जीवरील जुने औषध आहे. ते नाक गळणे व शिंका थांबवते, पण झोप आणते आणि स्राव सुकवते. फेनिलेफ्रिन चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घालतात. काही बाटल्यांत यांच्या जोडीला तापावरचे पॅरासिटामॉलही असते.

ही नावे एकापुढे एक ठेवली, की विसंगती डोळ्यांत भरते. एक घटक कफ सैल करून वर आणतो, दुसरा तो बाहेर टाकणारा खोकलाच दाबतो. एक घटक कफ पातळ करू पाहतो, दुसरा स्राव सुकवून तो घट्ट करतो. साध्या घसादुखीच्या खोकल्यासाठी आणलेल्या बाटलीतून श्वासनलिका रुंद करणारे औषध पोटात जाते आणि श्वासनलिकेला काहीच झालेले नसताना ते हाताला कापरे भरवते व छातीत धडधड निर्माण करते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच हा प्रकार म्हणावा लागेल. फेनिलेफ्रिनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ सल्लागारांनी एकमताने सांगितले, की हे औषध नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतल्यास चोंदलेल्या नाकावर त्याचा परिणाम होत नाही. तरीही भारतात सर्दी-खोकल्याच्या कितीतरी मिश्रणांत ते घातले जाते.

अशा मिश्रणांविषयी सरकारलाही शंका आलेली आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, तज्ज्ञांनी पुन्हा छाननी केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी आली. जून २०२३ मध्ये आणखी १४ संयुक्त औषधांवर बंदीची अधिसूचना निघाली. त्या १४ पैकी बहुतेक खोकला, कफ व सर्दी यांवरचीच होती. अफूपासून मिळणारे कोडीन असलेली काही मिश्रणेही त्यांत होती. कोडीनची सवय लागते, आणि खोकला नसतानाही त्याच्या बाटल्या रिचवणारी तरुण मुले अनेक शहरांत आढळली आहेत.

याचा अर्थ सगळीच संयुक्त औषधे निरुपयोगी आहेत असा नव्हे. घट्ट कफ आणि आवळलेल्या श्वासनलिका या दोन्ही तक्रारी एकाच रुग्णाला असतील, तर डॉक्टर विचारपूर्वक दोन औषधे एकत्र देतात, आणि त्या वेळी एक बाटली दोन बाटल्यांपेक्षा सोयीची ठरते. मात्र तो निर्णय छातीला नळी लावून, रुग्णाची माहिती घेऊन केलेला असतो. शेजाऱ्याला ज्या बाटलीने गुण आला ती स्वतःसाठी आणण्यात हे सारे गळून पडते. शिवाय साध्या सर्दीबरोबर आलेला खोकला औषधाविनाही ओसरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिळालेल्या आरामाचे श्रेय बाटलीला मिळते, इतकेच.

बाटली घ्यायचीच झाली, तर घेणारा कोण आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रात्रपाळीला ट्रक चालवणाऱ्या माणसाने क्लोरफेनिरामिन असलेले औषध दोन झाकणे घेऊन रस्त्याला लागणे किती धोक्याचे आहे, हे सांगण्याची गरज नाही. यंत्रावर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही हेच लागू पडते. मद्य घेतलेले असेल, तर ही गुंगी कितीतरी पटींनी वाढते. रक्तदाब असलेल्यांना फेनिलेफ्रिन अपायकारक ठरू शकते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांची लघवी क्लोरफेनिरामिनमुळे अडू शकते आणि काचबिंदूच्या रुग्णाचे दुखणे वाढू शकते. हृदयविकार असलेल्याला टर्ब्युटालिनची धडधड सोसवत नाही. मधुमेही माणसाने बाटलीतल्या साखरेचा हिशेब धरला पाहिजे. मानसिक आजारावरील काही गोळ्यांचे डेक्स्ट्रोमेथॉर्फनशी मुळीच जमत नाही. त्यामुळे अशा रुग्णाने आपल्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खोकल्याचे औषध घेऊ नये. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही डॉक्टरांना विचारावे.

येथे एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालॅप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांमुळे काही जणांना चिवट कोरडा खोकला लागतो. असा माणूस महिनोन्‌महिने बाटल्या बदलत राहतो. त्याच्या खोकल्याचे कारण त्याच्याच खिशातल्या पट्टीत असते. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घेतली, की हळूहळू खोकला जातो.

पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. ताप आहे म्हणून एक गोळी, अंग दुखते म्हणून दुसऱ्या नावाची गोळी आणि खोकला आहे म्हणून बाटली, असे तिहेरी उपचार सुरू असतात. तिन्हींवर नावे वेगळी छापलेली असतात, पण तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. नेमक्या मात्रेत निर्धोक असणारे हे औषध जास्त झाले, तर यकृताला इजा करते. म्हणून बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतील नावापेक्षा खाली बारीक अक्षरांत दिलेली घटकांची यादी महत्त्वाची आहे.

मात्रेच्या बाबतीतही हलगर्जीपणा दिसतो. ‘दोन चमचे’ असे सांगितले, की स्वयंपाकघरातला हाताला लागेल तो चमचा घेतला जातो. कोणाच्या घरी तो चहाचा असतो, कोणाच्या घरी आमटी वाढायचा. औषधाच्या भाषेत एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. बाटलीसोबत येणाऱ्या झाकणावर किंवा छोट्या पेल्यावर त्याच्या रेघा असतात आणि औषध त्यानेच मोजावे. बाटली तोंडाला लावून घोट घेण्याची सवय अनेकांना असते. तीत मात्रेचा काही प्रश्नच उरत नाही. उबळ थांबली नाही म्हणून तासाभराने पुन्हा औषध घेणेही तितकेच घातक. दोन मात्रांमधील अंतर सांगितले असेल तेवढेच ठेवावे. खोकला राहिला तर डॉक्टरांकडे जावे. आणि गेल्या वर्षीची चिकट झालेली बाटली टाकून देण्यात कोणता काटकसरीपणा बुडतो?

लहान मुलांच्या बाबतीत तर ही बाटली शक्यतो दूरच ठेवावी. मोठ्यांच्या औषधाची मात्रा अर्धी केली म्हणजे ते मुलांचे होते, ही समजूत अनेक घरांत आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी स्पष्ट शब्दांत सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सर्वसाधारणपणे त्यांची शिफारस केली जात नाही.

हा सल्ला ज्या घटनेनंतर आला, ती विसरण्यासारखी नाही. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्हा नागपूरला लागून आहे. त्या जिल्ह्यातील परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये साध्या सर्दी-तापाने आजारी असलेली मुले एकाएकी गंभीर होऊ लागली. त्यांची लघवी कमी झाली, मग थांबली. मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला हलवण्यात आले. वीसहून अधिक मुले दगावली. या मुलांना तमिळनाडूतील कारखान्यात तयार झालेले ‘कोल्ड्रिफ’ नावाचे संयुक्त औषध दिले गेले होते. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासणी केली, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. हे औद्योगिक उपयोगाचे विषारी द्रव्य आहे. औषधात ते ०.१ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये.

डायएथिलिन ग्लायकॉल औषधात मुद्दाम घालण्याची वस्तू नाही. पातळ औषध तयार करताना ग्लिसरीन किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल यांसारखी द्रावके वापरावी लागतात. स्वस्त, औद्योगिक प्रतीचा माल घेतला आणि तो न तपासताच वापरला, तर हे विष बाटलीत उतरते. त्याला रंग नसतो आणि चव गोडसर असते. त्यामुळे चाखून किंवा पाहून ते कोणालाच ओळखता येत नाही. १९३७ साली अमेरिकेत अशाच एका औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि त्यानंतर १९३८ मध्ये तेथे कडक कायदा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबिया देशात सुमारे ७० मुलांचे मृत्यू झाले, तेव्हा संशयाचे बोट भारतातून गेलेल्या औषधांकडे वळले. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करण्यात आली. परदेशी मुलांसाठी लावलेली ही चाळणी छिंदवाड्याच्या मुलांपर्यंत पोहोचलेल्या बाटल्यांना मात्र लावलेली नव्हती. या विषमतेचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने करता येणार नाही.

भेसळ पकडणे हे आईबापांचे काम नव्हे. ते कारखानदाराचे आणि शासनाचे काम आहे. पण नको असलेले औषध मुलाला न देणे मात्र आईबापांच्या हाती आहे. लहान मुलाच्या सर्दी-खोकल्यात भरपूर पातळ पदार्थ, अंगावरचे दूध, ऊब आणि विश्रांती यांनी बहुतेक वेळा भागते. एक वर्षावरील मुलाला झोपताना थोडा मध द्यावा. त्याहून लहान बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित जीवघेणा आजार उद्भवतो. वाफ देताना उकळत्या पाण्याने मुले भाजल्याच्या घटना घडतात, म्हणून उकळत्या पाण्याचे भांडे त्यांच्यापासून लांब असावे. आणि मुलाचा श्वास मोजायला शिकावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीची हालचाल मोजावी. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास जलद वाटला, तर मोजत बसण्यापेक्षा त्याला थेट दवाखान्यात न्यावे. यांवर कोणत्याही बाटलीत औषध नाही. औषध दिल्यानंतर मूल वारंवार ओकू लागले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर बाटली सोबत घेऊन त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर त्याने तिसरी बाटली आणण्याऐवजी सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती विनामूल्य होते आणि क्षयरोग निघाला तर उपचारही विनामूल्य मिळतात. खोकल्याच्या औषधाने क्षयरोग बरा होत नाही. उलट काही काळ उबळ दबल्यामुळे निदान लांबते आणि त्या काळात घरातल्या इतरांना संसर्ग होत राहतो. थुंकीत रक्त, छातीत दुखणे, सायंकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये.

राहता राहिला प्रश्न बाटलीवरील अक्षरांचा. घटकांची यादी, इशारा, मुदत हे सारे बहुतेक बाटल्यांवर इंग्रजीत आणि इतक्या बारीक टाइपात छापलेले असते, की शिकलेल्या माणसालाही भिंग घ्यावे लागावे. मराठी वाचता येणारा माणूस कामासाठी सुरतेत किंवा हैदराबादेत राहत असेल, तर दुकानदाराची भाषा वेगळी आणि बाटलीची त्याहून वेगळी. ज्याला माहितीची सर्वाधिक गरज आहे, त्याच्यापासूनच ती सर्वांत दूर ठेवलेली आहे. सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा चित्रातून कोणालाही कळतो. मग ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ हे खोकल्याच्या बाटलीवर भारतीय भाषांत आणि चित्रात का असू नये?

तोवर काही गोष्टी विचारून घेता येतात. बाटलीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही. औषधाचे बिल मागून घ्यावे व बाटली संपेपर्यंत जपून ठेवावे. त्यावर बॅच क्रमांक असतो आणि छिंदवाड्यातील औषधाचा माग याच क्रमांकावरून लागला. दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि २०१५ च्या नियमांप्रमाणे औषधाची माहिती रुग्णाला समजावून देणे हे त्याच्या कामातच येते. यात कोणती औषधे आहेत, झोप येईल का, रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का, एवढे तीन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. उत्तर देताना त्याने बाटलीवर ग्राहकाला वाचता येईल अशा अक्षरांत किती मिलिलिटर, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे लिहून द्यावे, असा आग्रह धरावा.